आईच्या कानाची दोन पानं

कुलूपसाहेब येण्याआधी रुग्णालयात सुरक्षितता नव्हती असं नाही. फक्त ती कोणाला दिसत नव्हती. साहेबांनी ती दिसेल अशी व्यवस्था केली. झालं होतं एवढंच, की कोणीतरी घरून आणलेल्या फ्लॉपीतून संगणकात विषाणू शिरला आणि हिशेबखात्याच्या पडद्यावर दिवसभर एक चेंडू उड्या मारत राहिला. हिशेबखात्याला त्याची फार करमणूक झाली. पण साहेबांनी मनावर घेतलं. इमारतीतल्या एकूण एक संगणकाच्या फ्लॉपीच्या फटीवर पत्र्याची पट्टी बसली, पट्टीला कुलूप लागलं आणि किल्ल्यांचा जुडगा साहेबांच्या कमरेला गेला. चालताना साहेब वाजायचे. ते येतायत हे सगळ्यांना आधीच कळायचं आणि सगळे कामाला लागायचे. सुरक्षिततेचा हा एक फायदा मात्र मान्य करायला हवा.

फ्लॉपी गेल्यावर राहिली ईमेल. ती तेव्हा नवी होती, कानामागून येऊन तिखट झालेली. साहेबांनी तिलाही वळण लावलं. अख्ख्या रुग्णालयात ईमेलचा संगणक एकच, आणि त्याच्यासमोर हेडबाई. हेडबाई म्हणजे शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई; नोकरी संपली, पण तपासायची सवय संपली नव्हती. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांनी वाचायचं, नीटनेटकं करायचं आणि दुपारी बाराच्या डाकेला सोडायचं. संगणक दिवसातून एकदाच, बाराच्या ठोक्याला, टेलिफोन लावायचा आणि साचलेली पत्रं एकदम रवाना करायचा. म्हणजे जगातलं सगळ्यांत वेगवान टपाल रोज हेडबाईंच्या टेबलावर भरपूर विश्रांती घेऊनच निघायचं. पत्राला फाइल जोडायची तर सोयच नव्हती. फक्त मजकूर.

धाकटी याच रुग्णालयात कानाच्या विभागात संगणक सांभाळायची. घरात दोघा भावंडांत धाकटी म्हणून धाकटी. चाळिशी उलटली तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांच्या कानाच्या आत शस्त्रक्रिया करून बारीक तारा बसवायच्या आणि बाहेर कानामागे एक छोटं यंत्र लावायचं, असं ते काम. कोणत्या तारेला किती वीज सोडायची हे ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं तिला विभागात 'नकाशा' म्हणत. एकाचा नकाशा दुसऱ्याला चालत नाही. माणसाला खुर्चीत बसवून, एकेक तार वाजवून, 'आता दुखतंय का, आता कर्कश वाटतंय का' असं विचारत विचारत तो महिनोन् महिने बनवावा लागतो. धाकटीच्या संगणकात असे कितीतरी नकाशे होते. त्यातला एक तिच्या आईचा होता.

आणि त्या नकाशावरूनच घरात दोन देश झाले होते.

दादाचा, म्हणजे धाकटीच्या थोरल्या भावाचा, या शस्त्रक्रियेला विरोध होता. दादा एक दिवस आणि एक रात्र प्रवास करावा लागेल इतक्या लांबच्या गावात टायपिंगचा क्लास चालवायचा. बोटांकडे न बघता टाइप कसं करायचं हे तो मुलांना शिकवायचा, आणि आयुष्यातले बरेच निर्णयही तो तसेच, न बघता घ्यायचा. "या वयात आईच्या डोक्याला भोक पाडायचं नाही," असं त्याने पत्रातून कळवलं. धाकटीने ते पत्र वाचलं, घडी घातली आणि आईला शस्त्रक्रियेला नेलं. दादाला सांगितलं ते टाके काढल्यावर. पुढे वर्षभर ती आईला खुर्चीत बसवून नकाशा करत होती. नकाशा पुरा झाला, आईला चहाच्या कपात चमचा फिरल्याचा आवाज ऐकू यायला लागला, आणि तेवढ्यात दादा आला आणि "थोडे दिवस" म्हणून आईला घेऊन गेला. त्या थोड्या दिवसांना आता दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून भाऊ-बहीण एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. जे काही असेल ते वहिनीमार्फत. 'त्यांना सांग' आणि 'तिला कळव' यांच्यामध्ये वहिनीची पार टपालपेटी झाली होती.

त्या दिवशी सकाळी विभागाचा फोन वाजला. पलीकडे वहिनीच होती.

"अगं, आईंचा कान पाण्यात पडला."

"कुठल्या पाण्यात?"

"दातांच्या. रात्री कवळी ठेवतात ना त्या भांड्यात. सकाळी उठून बघतात तर दात आणि कान दोन्ही तळाशी."

धाकटीला खरं वाटेना. आई म्हणजे काटेकोर बाई. कानाचं यंत्र रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसायची, त्याच्या डबीत ओल शोषणाऱ्या पुडीशेजारी ठेवायची आणि डबीचं झाकण दोनदा दाबून बघायची. दोन वर्षांत त्यावर ओरखडा नव्हता.

"यांनी लगेच नवं यंत्र मिळवलं," वहिनी सांगत होती, "ते फिरते तंत्रज्ञ आहेत ना, ते नेमके गावात आलेत. पण ते म्हणतात यंत्र कोरं आहे. नकाशा घातल्याशिवाय आईंना काही ऐकू येणार नाही. उद्या सकाळपर्यंत आहेत ते, बारा वाजायच्या आत जातील, मग परत कधी येतील देव जाणे. आणि नकाशा पुन्हा पहिल्यापासून करायचा तर आईंनी पाटीवर लिहूनच दिलंय."

"काय?"

"त्या खुर्चीत मी पुन्हा बसणार नाही. मेले तरी."

यंत्र बंद असलं की आई बोलायचीही नाही, सगळं पाटीवर; आणि एकदा नाही म्हणाली की दगडावरची रेघ. म्हणजे उद्या सकाळच्या आत नकाशा तिकडे पोचला तर आईला कान, नाहीतर उरलेलं आयुष्य पाटी. धाकटी उठली आणि कुलूपसाहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, एक छोटीशी फाइल बाहेर पाठवायची आहे. माझ्या आईच्या कानाची."

"फाइल जात नाही."

"मग फ्लॉपीवर घेऊ द्या. काहीतरी करून पोचवते."

"पट्टी काढायची तर समिती लागते. समिती पुढच्या महिन्यात बसते."

"तिला ऐकू येत नाहीये, साहेब."

साहेबांचा चेहरा खरोखरच पडला. ते वाईट माणूस नव्हते; वाईट माणसाला निदान लाच तरी देता येते. "मला समजतं," ते म्हणाले. "पण आज तुमची आई, उद्या आणखी कोणाची आई. सगळ्यांनाच आया असतात. मग कुलपं लावायची कशाला?"

"मग बाहेर जातं तरी काय?"

"मजकूर. अक्षरं, आकडे, चिन्हं. कागदावर छापता येईल असं काहीही."

"छापता येईल असं काहीही?"

साहेबांना प्रश्नातली खोच दिसली नाही. "काहीही," ते उदारपणे म्हणाले.

धाकटी जिना उतरून आली ती जवळजवळ पळतच. तिला एक युक्ती ठाऊक होती, आणि ती काही तिने शोधलेली नव्हती. जगभर अडलेले लोक तेच करत होते. संगणकाच्या फाइलमध्ये जे असतं त्यातलं बरंचसं छापता येत नाही. टपालाच्या जुन्या यंत्रांना ते कळतही नाही. अर्ध्या वाटेवर ती काहीतरी गाळतात, काहीतरी बदलतात. म्हणून फाइलचा सगळा माल साध्या अक्षरांत बांधायचा. इंग्रजीतली मोठी अक्षरं, लहान अक्षरं, दहा आकडे, एक अधिक आणि एक तिरकी रेघ, बस. तीन डब्यांतला माल चार पिशव्यांत भरायचा, की झालं. ओझं थोडं वाढतं, पण पिशव्यांना कोणी अडवत नाही. पलीकडच्याने उलट क्रमाने पिशव्या रिकाम्या केल्या की डबे जसेच्या तसे.

संगणकाने क्षणात काम केलं. आईचा कान दोन पानांत बसला. पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी होती, पण ओळी मात्र सगळ्या एका मापाच्या, शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या.

हेडबाईंनी चष्मा पुसून बघितलं, मग न पुसता बघितलं. "हे काय आहे?"

"मजकूर आहे," धाकटी म्हणाली.

"अर्थ काय याचा?"

"वैद्यकीय आहे."

या एका शब्दापुढे हेडबाईंचाही इलाज नव्हता. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून त्यांनी कधीच हात टेकले होते. खरं म्हणजे धाकटीने तिथे बसून त्यांना नीट समजावायला हवं होतं. पण समजावलं असतं तर हेडबाईंनी साहेबांना विचारलं असतं आणि साहेबांनी समितीला. शिवाय खोटं कशाला बोला, या बाईंना काय सांगायचं, असंही तिच्या मनात होतंच. दादाचीच बहीण ती. ती निघून आली आणि बाराची डाक वेळेवर गेली.

दुपारी पुन्हा फोन.

"पत्र आलं गं. क्लासच्या संगणकावर आलं, तंत्रज्ञांनी उलगडून बघितलं. पण यंत्र घेतच नाही म्हणे. फाइलची पडताळणी जुळत नाही. मधेच काहीतरी गळलंय असं म्हणतायत."

धाकटी तडक हेडबाईंकडे. रवाना झालेल्या पत्राची प्रत त्यांनी कौतुकाने पुढे केली. दुसरं पान तिला ओळखूच येईना. मधल्या काही ओळींत फक्त इंग्रजीतलं मोठं ए होतं, एकापुढे एक, ओळभर ए. त्या ओळीच नव्हत्या.

"ते मी काढलं," हेडबाई म्हणाल्या. "अहो, तुमचं बोट राहिलं असेल बटणावर. माणूस थकलं की होतं असं, त्यातून घरचं दुखणं. मी म्हटलं, बिचारीची चूक बाहेर कशाला जाऊ द्या. दोन्ही पानांवर मोठी-लहान अक्षरं सरमिसळ झाली होती, तीही सगळी एकसारखी केली. आणि खाली 'आपली नम्र' घातलंय बरं का. तुम्ही विसरला होतात."

धाकटी 'आपली नम्र' कडे बघत राहिली. इतक्या प्रेमाने केलेल्या नासाडीवर ओरडायचं तरी कसं? करायला गेलं एक आणि झालं एक, आणि त्यातलं अर्धं आपल्याच तोंड न उघडण्याने झालं, हे तिला लख्ख कळत होतं.

"पुन्हा पाठवा की," हेडबाई म्हणाल्या. "उद्या बाराच्या डाकेला."

उद्या बारा वाजता तंत्रज्ञ गाडीत बसलेला असणार होता.

ती पुन्हा कुलूपसाहेबांसमोर उभी राहिली. या वेळी काही मागायचं नाही असं ठरवूनच. "साहेब, मजकूर कागदावर छापून घरी नेला तर चालेल?"

"कागद?" साहेब चक्क हसले. "कागदाला कोण अडवतंय? आईचा अहवाल मुलीने न्यायचा नाही तर कोणी न्यायचा?" आणि त्यांनी त्या दोन पानांवर शिक्कासुद्धा मारून दिला, अगदी मनापासून, पहिल्या ओळीच्या वर. ज्या नकाशाला पत्र्याच्या पट्ट्या, कुलपं आणि समित्या अडवून बसल्या होत्या, तो शिपायाच्या डोळ्यांदेखत पिशवीतून बाहेर गेला.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फॅक्स होता. तो तिकडच्या फॅक्सला लागला, दोन पानं कुरकुरत गेली आणि वहिनीचा निरोप आला की अक्षरांच्या मुंग्या झाल्यात. "ओ आहे की शून्य, काही म्हणजे काही कळत नाही. आठ आणि बी तर जुळी भावंडं दिसतायत."

"मग मी फोनवर वाचून दाखवते, एकेक अक्षर. कोणीतरी टाइप करून घ्यायला हवं."

वहिनी म्हणाली, "मला त्या बटणांवर एकेक अक्षर शोधावं लागतं. माझ्याच्याने आजच्यात पहिलं पान व्हायचं नाही."

"मग?"

"मग काय? घरात टायपिंगचा क्लास आहे, बाई." दोन वर्षं निरोप वाहून वाहून आलेला सगळा थकवा त्या वाक्यात होता. "मी बोलावते यांना. आणि आता मी स्वयंपाकघरात जाणार आहे. मला मधे घ्यायचं नाही."

कानाच्या डॉक्टरांनी धाकटीला स्वतःच्या खोलीतला फोन दिला आणि ते घरी गेले. संध्याकाळ होत आली होती. बाहेर बाकांवर फक्त रखवालदार होता. फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खाकरल्याचा.

"हं," दादा म्हणाला. दोन वर्षांनंतरचं पहिलं भाषण ते.

"मोठा टी," धाकटी म्हणाली. "लहान एम. सात. मोठा क्यू."

"हं."

"तिरकी रेघ. लहान बी. लहान बी."

"दोनदा?"

"दोनदा म्हटलं ना."

असं सुरू झालं. बोलण्यात राम नव्हता, पण बटणांचा आवाज इतका झरझर येत होता की धाकटीला मनात मान्य करावं लागलं, टायपिंग याला येतं. तिने वेग वाढवला. त्यानेही वाढवला. लहानपणी दोघं जिन्यावरून शर्यतीने उतरायची, तशी पहिल्या पानावरून उतरत चालली.

मधेच दादा म्हणाला, "आई येऊन बसलीय समोर. पाटीवर विचारतेय कोण आहे म्हणून."

"मग लिही की."

"लिहिलं. धाकटी."

"मग?"

"मग काही नाही. खुर्ची जवळ ओढली तिने. माझ्या तोंडाकडे बघतेय."

धाकटीने बोट पुढच्या अक्षरावर ठेवलं. "लहान एच," ती म्हणाली. "पाच. लहान एक्स."

पण सुखासुखी संपेल तर ती भावंडं कसली. पहिलं पान सरता सरता दादाने बोटं मोडली आणि तो म्हणाला, "तरी मी तेव्हाच सांगत होतो. असली यंत्रं डोक्यात बसवायची नाहीत. एकदा बिघडलं की बसा बाराखडी म्हणत."

"यंत्र बिघडलं नाही, बुडलं. तेही तुझ्या घरात."

"म्हणजे आम्ही आईला सांभाळत नाही?"

"मी असं म्हटलं का? तुला काय, न विचारता घेऊन गेलास तिला, सामानासारखी."

"आणि तू विचारून डोकं फोडलं होतंस तिचं?"

दोघंही तापली, आणि तापल्यावर नेहमी जे होतं ते झालं. धाकटीचं बोट ओळीवरून घसरलं. "थांब," ती म्हणाली. "कुठे होतो आपण?"

"लहान एच."

"तो मागेच झाला."

"मी टाइप केला नाही."

"केला असशील."

"टाइप करताना मी काय केलं ते मला कळतं," दादा म्हणाला, आणि मग जरा खालच्या आवाजात, "बहुतेक." नवल म्हणजे भांडण तिथेच राहिलं. पुढची अक्षरं वाट बघत होती. या कामात भांडायला फटच नव्हती. एक टोमणा मारायचा तर ओळ चुकायची, आणि ओळ चुकली तर आईचा कान चुकायचा.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर धाकटी थांबली.

"आता ए. मोठे. सगळे ए."

"सगळे म्हणजे?"

"ओळभर. मग पुढची ओळ. तिसरीतही बरेच."

"हे काय, मशीन अडकलं का तुझं? सोडून देऊ?"

"सोडायचं नाही! तेच तर झालं सकाळी." मग तिने ते सांगितलं, जे सकाळी हेडबाईंना सांगायला हवं होतं. "काही तारा बंद ठेवल्यात आपण. आईच्या. त्यांना वीज सोडली की तिचा गाल उडायचा, डोळ्यामागे कळ जायची. पहिले दोन महिने ती मला सांगतच नव्हती, दात आवळून बसायची. मग डॉक्टरांनी त्या तारा शून्यावर ठेवल्या. शून्यं अक्षरांत बांधली की त्यांचे असे ए होतात. तिथे काही वाजायचं नाही, पण जागा राखावी लागते. ती काढली तर पुढचं सगळं भलत्याच तारेवर जातं."

फोनमध्ये दादाची खुर्ची करकरली.

"ऐकतोयस ना?"

"तिला इतकं दुखायचं?"

"हो."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं कुठे होतंस." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही, आणि तसं ते लागलंही नाही. दादाने मोठा श्वास घेतलेला तिला ऐकू आला.

"चल," तो म्हणाला. "मोठ्याने म्हण. आपण दोघं मोजू."

मग दोघं मिळून म्हणायला लागली. ए, ए, ए, ए. तिचं बोट कागदावर, त्याचं बटणावर, आवाज मात्र एकत्र. बाहेरच्या रखवालदाराला वाटलं बाई आपल्याला हाका मारतायत. तो दारात येऊन उभा राहिला, थोडा वेळ ऐकलं, आणि कानाच्या विभागात बसून बसून माणसांच्या डोक्यावर परिणाम होतो हे आपलं जुनं मत पक्कं करून परत गेला. तिसऱ्या ओळीत धाकटीचा आवाज फुटला. दादाने तिच्या वाटचे दोन-तीन ए एकट्यानेच म्हटले, मग ती सावरली.

सगळं संपल्यावर दादा म्हणाला, "एक ओळ आखूड दिसतेय. बाकीच्या सगळ्या उजवीकडे सरळ आहेत, ही एक अक्षर आत आहे."

"कुठली?"

"पहिल्या पानाच्या शेवटची." दादा म्हणाला. "जिथे आपण भांडलो ती."

"लहान एच," धाकटी म्हणाली.

"लहान एच," दादा म्हणाला आणि त्याने तो टाकला.

यानंतर दोघांनाही फोन ठेवता येईना आणि बोलायला विषय सापडेना. "जेवलास का?" असं धाकटीने विचारून बघितलं. "आता जेवतो," दादा म्हणाला. दोन पानं अक्षरं बोलून झाल्यावर तेवढाच मजकूर शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी फोनसमोर बसून होती. हेडबाई दोनदा डोकावून गेल्या. त्यांना सगळं कळलं होतं, कारण शेवटी धाकटीनेच सकाळी जाऊन सांगितलं होतं. ऐकून हेडबाईंनी चष्मा काढला होता आणि एवढंच म्हटलं होतं, "अहो, मग 'हे ए खरे आहेत' असं वर लिहायचं नाही का?" कुलूपसाहेबांनी मात्र एव्हाना परिपत्रक काढलं होतं, की अर्थ नसलेला कागद यापुढे इमारतीबाहेर नेता येणार नाही. बैल गेला आणि झोपा केला, पण झोपा मात्र सुरेख, शिक्क्यासकट.

फोन वाजला.

"हॅलो," आईचा आवाज आला. तो आईचा जुना आवाज होता, ऐकून बोलणाऱ्या माणसाचा. ऐकू न येणाऱ्या बाईचा आवाज सपाट होतो, हा वरखाली होत होता. "धाकटे, मोठ्याने ओरडू नकोस हो. सगळं नीट ऐकू येतंय. इथे पंखा केवढा वाजतो, कोणी तेल घातलं नाही का याला?"

"आई," एवढंच धाकटीला म्हणता आलं.

"रडू नकोस. तेही ऐकू येतंय." आई म्हणाली. "मला आधी एक सांग. काल संध्याकाळभर तुम्ही दोघं काय बोलत होतात? जेवण गार झालं तरी हा उठेना. याला विचारलं तर म्हणतो, काही नाही, अक्षरं."

"तुझ्याबद्दलच बोलत होतो. दोन पानंभर."

"भांडलात?"

"एका ओळीत."

"एकाच?"

"एकाच. तीही दुरुस्त केली." मागून दादाचा आवाज आला, "तिला सांग, ओळ मी शोधली," आणि धाकटी ओरडली, "अक्षर मी सांगितलं!" क्षणभर दोघांचे आवाज एकावर एक पडले. मग दोघंही गप्प झाली, कारण आई काहीच बोलत नव्हती.

"बोला ना," आई म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "तू मला कान दिलास, याने घर दिलं. पण दोन वर्षं मला एका वेळी एकाचाच आवाज ऐकायला मिळत होता. दोघांचा एकत्र आवाज ऐकला तो आत्ता. असं होणार हे माहीत असतं तर मी तो कान दोन वर्षांपूर्वीच दातांच्या भांड्यात टाकला असता."

धाकटी हसली. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांपुढे ती डबी आली, कोरडं फडकं आलं, दोनदा दाबून बघितलेलं झाकण आलं.

"आई," ती म्हणाली, "तो चुकूनच पडला होता ना गं पाण्यात?"

पलीकडे फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"काय म्हणालीस?" आई म्हणाली. "इथे नीटसं ऐकू येत नाही बाई."